बूट कुठे फाटला ते आधी सांगा

या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यासोबत एक खोकंही आलं. आत एक बूट. एकच, डावा, करंगळीपाशी बोट आरपार जाईल एवढं भोक पडलेला. संपादकांनी तो दोन दिवस खिडकीबाहेर ठेवला आणि मग नाक धरून माझ्याकडे पाठवला. त्याचं काय झालं ते शेवटी सांगते.

नव्या वाचकांसाठी माझी ओळख एवढीच: बावीस वर्षं बुटांच्या सॅम्पल रूममध्ये, म्हणजे नमुन्याचे बूट बनतात तिथे, पॅटर्न कापण्यात गेली, त्यातली अकरा फक्त स्केटबोर्डिंगच्या बुटांवर. बोर्डवर मी सतराव्या वर्षी चढले आणि एकेचाळिसाव्या वर्षी गुडघ्याने मला खाली उतरवलं. बूट मात्र अजून हातातून सुटत नाहीत.

"ताई, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. दर महिन्याला त्याचा डावा बूट फाटतो, उजवा जवळजवळ नवा असतो. तो पाय घासत चालतो का? की बुटातच खोट आहे? हाडांच्या डॉक्टरांना दाखवू का? बुटाचा फोटो सोबत जोडला आहे." (एक आई)

डॉक्टर राहू द्या. पायात काही बिघाड नाही आणि बुटातही बहुधा नाही. फोटोत बूट बाहेरच्या बाजूने, करंगळीच्या किंचित मागे फाटलेला दिसतोय. याचा अर्थ चिरंजीवांना ऑली जमायला लागली आहे. अभिनंदन.

ऑली म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारलेली उडी. मागच्या पायाने बोर्डच्या शेपटीवर टोला हाणायचा, की नाक, म्हणजे पुढचं टोक, वर उसळतं. त्याच क्षणी पुढचा पाय कडेवर कलता करून बोर्डच्या पाठीवरून वर घासत न्यायचा. या घासण्यानेच बोर्ड पायासोबत वर येतो आणि हवेत सपाट होतो. आता त्या पाठीवर काय चिकटवलेलं असतं? ग्रिप टेप. नावाला टेप, जात पॉलिश पेपरची. सिलिकॉन कार्बाइडचे कण, साधारण ८० नंबरचे. सुतार जुन्या लाकडावरचा रंग ज्या कागदाने खरवडतो त्याच पंक्तीतला. तुमचा मुलगा एका संध्याकाळी शंभर वेळा बुटाची एकच जागा त्यावर घासत असेल. महिनाभर टिकला म्हणजे बूट चांगलाच म्हणायचा.

डावाच का? कारण तो डावा पाय पुढे ठेवतो. अशांना रेग्युलर म्हणतात, उजवा पुढे ठेवणाऱ्यांना गूफी. मी गूफी, त्यामुळे माझे उजवे बूट मरायचे आणि पलंगाखाली धडधाकट डाव्यांची रांग लागायची. पुढे एक रेग्युलर मैत्रीण मिळाली, तिचा नि माझा नंबर एकच. दोन वर्षं आम्ही एकाच मॉडेलच्या जोड्या घेऊन फाटक्याच्या बदल्यात धड बूट असा व्यवहार केला. मग तिला लांबच्या गावी नोकरी लागली. तिच्या जाण्याचं दुःख मला किती झालं आणि बुटांचं किती, हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ही एका पायाची रड जुनीच आहे. पॉल व्हॅन डोरेन आणि त्यांच्या भागीदारांनी १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये बुटांचा कारखाना नि दुकान सुरू केलं. त्याचंच पुढे व्हॅन्स झालं. स्केटबोर्डवाली पोरं तिथे यायची तीच मुळी एक बूट फाटलेला आणि दुसरा शाबूत घेऊन. त्यांना तिथे एकच बूट विकत मिळायचा, जोडीची सक्ती नव्हती. स्केटशूजच्या साऱ्या इतिहासात याहून शहाणी गोष्ट मला दिसत नाही, आणि ती कुठल्या डिझायनरने नाही, गल्ल्यावर बसलेल्या माणसाने केली.

आता तुमच्या कामाचं. पुढचा बूट घेताना करंगळीची बाजू बोटाने चाचपा. तिथे कॅनव्हास नको, स्वेड हवं. स्वेड म्हणजे कातड्याची लवदार बाजू. तिचे तंतू थोडे थोडे झडत जातात, एकदम फाटत नाहीत. काही बुटांत स्वेडच्या आत रबराचा पातळ पदर घातलेला असतो. दाबून बघितलंत की कळतो, जरा जाड, जरा लवचीक लागतो. वरचं भोक पडलं तरी हा आतला पदर आणखी काही आठवडे काढतो. आणि मुख्य म्हणजे त्या जागेवरून शिवण गेलेली नको.

हे मला कोणी शिकवलं नाही, फजितीने शिकवलं. मी कापलेल्या पहिल्या स्केटशूच्या सॅम्पलवर मी एक वळणदार शिवण काढली होती. तळव्याच्या कमानीपासून निघून करंगळीला वळसा घालून पुढे जाणारी. कागदावर इतकी देखणी दिसत होती की मी ते चित्र भिंतीला लावलं. बूट घालून बघणारा मुलगा सकाळी दहाला घेऊन गेला आणि दुपारी परत घेऊन आला. मी भिंग लावून पाहिलं. स्वेड जिथल्या तिथे, साधं चकाकलंही नव्हतं. गेला होता तो दोरा. टाक्याचा दोरा कातड्याच्या वर केसभर उचललेला असतो, म्हणून ग्रिप टेप आधी त्यालाच खाते. एक टाका तुटला की शेजारचा सैल होतो, तो उसवला की पुढचा. करंगळीपाशी दोन्ही तुकडे उघड्या तोंडासारखे झाले होते आणि आतून त्या मुलाचा मोजा दिसत होता. त्यानंतर मी पुढच्या चवड्यावर एकच सलग तुकडा ठेवायला लागले. शिवण मागे नेली, आणि जिथे टाळताच येईना तिथे दोन-तीन रांगा घातल्या, म्हणजे एक गेली तर दुसरी धरून ठेवेल. भिंतीवरचं चित्र काढलं नाही. राहू दिलं, शिक्षा म्हणून.

"धावायचे बूट घालून स्केटिंग केलं तर चालेल का? घरात आहेतच." (बी. कॉम.चा विद्यार्थी)

नको. त्यांची टाच उंच आणि मऊ, कडा बाहेर आलेल्या, वर जाळी. जाळी एका दिवसात जाईल आणि उंच टाचेवर घोटा मुरगळेल तो वेगळाच. पायाखाली फळी सपाट आहे, तर बूटही सपाट लागतो.

"ताई, मी जिने मारायला (बोर्डसकट उडी मारून उतरायला) सुरुवात केलीय. आता चार पायऱ्या जमतात. मित्र म्हणतो व्हल्क घे, बोर्ड पायाला नीट कळतो. मोठा भाऊ म्हणतो कपसोल घे, नाहीतर टाच जाईल. खरं कोणाचं?" (अकरावीतला एक)

दोघांचंही, पण आज तुझ्या टाचेपुरतं भावाचं.

वाचकांपैकी अनेकांना हे शब्द नवीन असतील, म्हणून दोन्ही बूट कसे बनतात ते सांगते. बूट कसाही बनवा, सुरुवात कलबुतापासून. कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, त्यावर बुटाचा वरचा भाग ताणून चढवतात. व्हल्कनाइज्ड, म्हणजेच व्हल्क बुटात खालची सोल आणि कडेने फिरणारी पट्टी ही दोन्ही कच्च्या रबराची असतात. ही पट्टी हाताने ओढत, दाबत बुटाभोवती गुंडाळतात. तोपर्यंत रबर लेच्यापेच्या मातीसारखं असतं, नख लावलं तर खूण उमटते. मग कलबुतासकट अख्खा बूट भट्टीत जातो. उष्णता आणि दाब बसला की रबरातला गंधक आपलं काम करतो, सगळे पदर एकजीव होतात आणि रबर लवचीक तरी चिवट होतं. चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली ही किमया सापडली आणि तिला नाव मिळालं ते अग्नीच्या रोमन देवावरून. सॅम्पल रूममध्ये भट्टी उघडली की येणारा तो जळका, तिखट वास माझ्या ओढणीतून आठवडाभर जायचा नाही.

कपसोल वेगळा. त्यात सोल आधीच साच्यातून वाटीसारखी काढलेली असते, कडा वर उचललेल्या. बुटाचा वरचा भाग या वाटीत बसवतात, गोंदाने चिकटवतात आणि कडेने दोरा घालून शिवतात. तुझ्या भावाच्या पायात आदिदासचे सुपरस्टार किंवा नायकीचे डंक असतील तर कडेला हे टाके दिसतील. वाटीच्या पोटात जागा असते, तिथे जाड फोम बसतो. म्हणून कपसोल धक्का जास्त झेलतो. पण बोर्ड आणि तळवा यांच्यात भिंत उभी राहते, आणि नवा असताना तो इतका ताठ असतो की पहिला आठवडाभर आपण दुसऱ्याचेच पाय लावून फिरतोय असं वाटतं.

व्हल्क पहिल्या दिवशीच वाकतो. बोर्डची कड, ट्रकचे (चाकं धरणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट, सगळं तळव्याला कळतं. किकफ्लिपसारख्या, म्हणजे हवेत बोर्डला पायाने गिरकी द्यायच्या, बारीक कामाला याची मजा निराळीच. पण उंचावरून चुकून बोर्डशिवाय टाचेवर आलास, तर ती जमीनही तितकीच नीट कळते. मला सहा पायऱ्यांखाली कळली होती. हाड मोडलं नाही, रक्त नाही, सूजही फारशी नाही, नुसता मुका मार. अडीच आठवडे चवड्यावर चालत होते आणि घरच्यांना वाटत होतं मी नाच शिकतेय.

तर चारच्या सहा पायऱ्या व्हायच्या आत कपसोल घे. ते जमत नसेल तर आहे त्या व्हल्कमध्ये टाचेखाली जाड इनसोल घाल, पॉलियुरेथेनचा. स्वस्तातला साधा फोम महिन्याभरात बसून कागदासारखा होतो. मात्र इनसोल जाड घातला की टाच बुटात वर येते आणि मागून निसटायला लागते. म्हणून घालून आधी दहा-बारा उड्या मारून बघ, आरशासमोर उभा राहून नाही. फाटण्याचं म्हणशील, तर व्हल्क चवड्याच्या वाकणाशी पट्टी सोडतो आणि कपसोल नाकाजवळच्या शिवणीशी दोरा सोडतो. कोणता कुठून गेला ते मला कळव.

"मी २००० च्या सुमारास कॉलेजात होतो. तेव्हा स्केटशूज म्हणजे गाद्या होत्या. मधल्या काळात अगदी चपटे झाले. आता मुलगी पुन्हा गाद्याच मागते आहे आणि माझे जुने फोटो पाहून मला हसणं बंद केलंय. यात काही शास्त्र आहे की नुसती लाट?" (एक बाबा)

थोडं शास्त्र आहे, बाकी लाट. कुठे कोणतं ते वेगळं काढायचा प्रयत्न करते.

स्केटबोर्डवाल्यांनी पहिल्यांदा जे बूट पायात घातले ते कोणी त्यांच्यासाठी बनवलेच नव्हते. व्हॅन्सचा ४४ नंबर, ज्याला आता ऑथेंटिक म्हणतात, तो होडीच्या डेकवर घालायच्या जातीचा. पातळ कॅनव्हास, खाली जाड चिकट रबर. दोन्हीकडे फळीला डेकच म्हणतात, त्यामुळे बुटाला फरक कळला नसावा. त्या सोलवर सुरुवातीला नुसती चौकटींची नक्षी होती, ती चवड्यापाशी चिरायची. मग तिथे आणखी उभ्या रेघा दिल्या आणि आज सगळे जिला वॉफल सोल म्हणून ओळखतात ती झाली. म्हणजे ती प्रसिद्ध नक्षीदेखील चिरेवरचा इलाजच.

पुढे १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटरांच्या सल्ल्याने घोट्याभोवती गादीची कड असलेला व्हॅन्सचा एरा आला. १९७७ च्या ओल्ड स्कूलला नाकावर आणि टाचेवर कातड्याचे तुकडे बसले, कारण कॅनव्हास तिथेच जायचा. कडेची ती लाटेसारखी रेघ मात्र निव्वळ हौस, पॉल व्हॅन डोरेन यांनी सहज गिरवलेली. १९७८ चा एसके-एट हाय घोट्याच्या वर गेला, कारण उसळलेला बोर्ड घोट्याच्या हाडावर बसतो. ज्याला एकदा बसलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट घडली आणि माझ्या मते स्केटशूचा सगळा आकार तिच्यामुळे बदलला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ॲलन गेल्फंड या मुलाने उतरत्या भिंतींवर हात न लावता उडी काढली. त्याचं टोपणनाव ऑली, तेच उडीला पडलं. काही वर्षांत रॉडनी मलनने ती सपाट जमिनीवर आणली, आणि मग स्केटिंग रस्त्यावर, जिन्यांवर, बाकांवर उतरलं. ऑलीच्या आधी बूट तळातून झिजायचे, ऑलीनंतर ते कडेतून झिजायला लागले. आधी चिंता सोलची, नंतर वरच्या कातड्याची. तुमच्या गाद्यांची पहिली उशी इथे भरली गेली.

कात्रीचंही योगदान विसरू नका. १९८९ साली व्हॅन्सने स्केटर स्टीव्ह कॅबालेरोच्या नावाने एक उंच बूट काढला. रस्त्यावरच्या पोरांना घोटा मोकळा हवा होता. त्यांनी सरळ वरचा भाग कापला आणि कडेला चिकटपट्टी गुंडाळली. कॅबालेरोनेही तेच केलं. १९९२ मध्ये कंपनीने तो कापलेलाच बूट हाफ कॅब म्हणून बाजारात आणला. पॅटर्न कापणारी म्हणून मला याचा थोडा मत्सर वाटतो. आम्ही आठ-आठ महिने जे ठरवत बसतो ते पोरांनी एका दुपारी उरकलं.

आणि मग तुमचा काळ. १९९४ मध्ये डीसी, १९९५ मध्ये एस, दोन्ही स्केटरांनी स्केटरांसाठी काढलेल्या कंपन्या. जिने मोठे होत गेले, उड्या लांब होत गेल्या, म्हणून टाचेत हवेच्या पिशव्या आल्या. फिरता बोर्ड पायाच्या वरच्या बाजूवर आपटतो, म्हणून बुटाची जीभ जाड झाली. इथपर्यंत शास्त्र. पण जीभ जाड झाली तशी ती दिसायलाही लागली. पँटी एवढ्या ढगळ होत्या की त्यांचा घेर त्या फुगीर जिभेवर टेकून राहायचा, टाचेखाली येऊन फाटायचा नाही. मग त्या घेराखालून दिसण्याइतका बूट मोठा हवा, बूट झाकण्याइतकी पँट मोठी हवी, अशी दोघांची चढाओढ लागली. २००१ च्या सुमाराचा ओसायरिस कंपनीचा डी-थ्री बघा, स्केटर डेव्हिड मेह्यूच्या नावाचा. प्लास्टिकचे दांडे, जाळ्या, लेसला ठिकठिकाणी अडकवण्या, पदरावर पदर. बूट कमी, अंतराळयान जास्त. मी तो उसवून त्याचे तुकडे टेबलावर मांडले होते आणि टेबल पुरलं नव्हतं. तेव्हा त्याची चेष्टा केली, आता कौतुक वाटतं. कोणीतरी लाज सोडून एवढं पुढे गेलं म्हणूनच बाकीच्यांना थांबायची जागा कळली.

थांबले ते पार उलट्या टोकाला जाऊन. जाडीमुळे बोर्ड पायाला कळेनासा झाला होता, शिवाय पँटीही अरुंद झाल्या. २००९ मध्ये नायकीने स्केटर स्टेफन जानोस्कीच्या नावाचा बूट काढला. जवळजवळ नुसता कॅनव्हास किंवा स्वेड, पातळ व्हल्क, लेसला मोजकी छिद्रं, बाकी काही नाही. पुन्हा होडीवरचाच बूट म्हणा ना. त्यानंतर काही वर्षं सॅम्पल रूममध्ये माझं काम म्हणजे पॅटर्नमधून तुकडे काढून टाकणं एवढंच उरलं होतं.

आता पँटी परत रुंद झाल्यात, म्हणून बूटही परत फुगलेत. मुलीला घेऊन द्या. फक्त जीभ कडेला सरकू नये म्हणून आत इलॅस्टिकच्या दोन पट्ट्या आहेत का ते बघा. आणि तुमचे जुने अजून माळ्यावर असतील तर तिला तेच दाखवू नका. इतक्या वर्षांत पडून पडून सोलमधला फोम भुसभुशीत होतो, पहिल्याच उडीला खाली उतरेल.

"लेस सारख्या तुटतात. काय करू?" (पत्रावर सही नाही)

त्या चिवट करण्यापेक्षा वाटेतून हटव. खालून दुसऱ्या छिद्राच्या बाहेरच्या बाजूला लेस घासते, तेव्हा खालची दोन छिद्रं मोकळी सोड. गाठ मधोमध न बांधता आतल्या बाजूला बांध. काहीजण लेसवर सुपरग्लूचा थेंब टाकतात. चालतं, पण मग ती लेस सोडता येत नाही, कापावीच लागते.

"मी स्केटिंग करत नाही, करणारही नाही. वय बावन्न, काम बँकेत. पण मला चौकटीचे ते स्लिप-ऑन फार आवडतात. मुलं म्हणतात हा ढोंगीपणा आहे. घालावेत का?" (एक गृहस्थ)

बिनधास्त घाला. ती चौकट आली कुठून, तर पोरं आपल्या बुटाच्या रबरी कडेवर पेनाने काळे-पांढरे चौकोन रंगवायची. व्हॅन्सच्या माणसांनी ते पाहिलं आणि कापडावर छापलं. १९८२ मध्ये एका गाजलेल्या हॉलिवूडपटात शॉन पेनच्या पायात ते दिसले आणि ज्यांनी बोर्डला कधी हात लावला नव्हता त्यांनीही घेतले. म्हणजे तुमच्यासारख्यांची परंपरा चाळीस वर्षांहून जुनी आहे.

ढोंगच म्हणायचं तर मी दुसरीकडे बोट दाखवीन. नायकी एसबीने, म्हणजे नायकीच्या स्केटिंग विभागाने, २००२ पासून डंक हा मुळातला बास्केटबॉलचा बूट स्केटिंगसाठी सुधारून दिला, जीभ जाड केली, टाचेत गादी घातली. चांगला बूट. २००५ मध्ये त्यातला कबुतराच्या चित्राचा एक जोड न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आला, तेव्हा दुकानाबाहेर एवढी झुंबड उडाली की पोलीस आले. त्यातले कित्येक जोड आजही खोक्यात कोरे पडून आहेत. स्केटिंगसाठी सुधारलेला बूट काचेच्या कपाटात! तुम्ही निदान घालून चालणार आहात. लेस नसल्याने स्लिप-ऑन काही महिन्यांत सैल होतात, तेव्हा अर्धा नंबर घट्टच घ्या.

"ताई, बायकांचे स्केटशूज म्हणजे पुरुषांचेच लहान करून गुलाबी केलेले असतात का? माझी टाच सगळ्यात निसटते." (चोवीस वर्षं, पाच वर्षं स्केटिंग)

बऱ्याचदा, हो. आणि हे पाप थोडं माझ्याही हातून झालंय. एका ठिकाणी असताना (नाव सांगत नाही) बायकांचा बूट काढायचा ठरला. मी नवं कलबूत मागितलं. तेवढ्याच लांबीच्या पायात बाईची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते, हे बूट बनवणाऱ्या कोणालाही माहीत असतं. उत्तर आलं, कलबूत आहे तेच, रंग नवा. मी भांडले, हरले आणि कापले. घालून बघणाऱ्या मुलीने परत देताना टाचेत घडी करून कोंबलेला कागदाचा बोळा काढून माझ्या टेबलावर ठेवला. काही बोलली नाही.

चांगलं कामही झालंय. व्हॅन्सने स्केटर कारा-बेथ बर्नसाइडच्या नावाने बूट काढला होता, एत्नीजने एलिसा स्टीमरच्या नावाने, अलीकडे लिझी अर्मांटोच्याही नावाने आला. पण नाव आणि रंग यांच्या आत कलबूत कोणतं हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, ते टाचेलाच विचारावं लागतं. बूट घाल, लेस बांध, पुढचा चवडा जमिनीवर दाबून धर आणि नुसती टाच उचल. बूट सोबत आला तर घे. सध्याच्या जोडीसाठी सगळ्यात वरच्या छिद्रातून लेसचा छोटा फास कर, समोरचं टोक त्यातून ओव आणि मग गाठ मार. घोट्यापाशी आवळलं जातं आणि टाच खाली बसते. रंगाबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी सांगते. गुलाबी स्वेड वाईट नसतं. वाईट हे की त्याखाली रबराचा पदर घालायला विसरतात.

"हा बूट दुरुस्त होईल का? आई टाकून दे म्हणते. याच बुटात मला पहिली किकफ्लिप आली." (खोक्यातली चिठ्ठी, खाली नाव नाही, वर्ग सातवी)

होईल. झालाच आहे.

आधी भोकाभोवतीचे सुटे तंतू कापले आणि कडा पॉलिश पेपरने खरवडल्या, म्हणजे गोंद धरेल. ज्या कागदाने फाडलं त्याच जातीच्या कागदाने दुरुस्तीची सुरुवात, याची मला दरवेळी गंमत वाटते. मग माझ्या एका जुन्या डाव्या बुटाचं स्वेड कापून आतल्या बाजूने ठिगळ लावलं. पलंगाखालची ती रांग शेवटी कामाला आली. आरीने कडेकडेने टाके घातले, पण घासण्याच्या जागेपासून दूर, वर आणि मागे. बाहेरून बुटाचा रबरी गोंद पातळ थापला, ओल्या बोटाने सपाट केला आणि एक दिवस-रात्र तसाच ठेवला. पुढच्या वेळी भोक पडायच्या आधीच, स्वेड चकाकायला लागलं की हा गोंद लाव. भोक पडल्यावर लावलास तर मोजाही चिकटतो.

एक विचारायचं राहिलं. तुझा बूट करंगळीपाशी फाटलाय तसा नाकाच्या टोकाशीही घासलाय, आणि टोकाशी जास्त. किकफ्लिपला पाय बोर्डच्या कडेवरून बाहेर निसटायला हवा, तुझा बहुतेक सरळ पुढे जातोय. बोर्ड पुढे पळतो का? मग पाय थोडा तिरका ठेवून बघ.

बूट परत पाठवतेय. लेस जुनीच ठेवली आहे, पण ओवलेली नाही. ती तू ओव, खालची दोन छिद्रं सोडून.